डोंगराचे बूड

पर्वत कसे घडतात हे शिकवायला विद्यार्थ्यांना हिमालयात नेण्याची पद्धत आहे. मला विचाराल तर आधी त्यांना तुमसरला आणावे. भंडारा जिल्ह्याची जमीन समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटरवर. आंबागडच्या टेकड्यांसारखे काही उंचवटे सोडले तर जिकडे तिकडे तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या. नवखा माणूस म्हणतो, इथे कसला आलाय पर्वत? हिमालयातही खोलातले खडक वर आलेले आहेत, नाही असे नाही. पण तिथे उंचीच इतकी की नजर खडकावर ठरत नाही. इथे वरचे सगळे झिजून गेले आहे. एके काळी पंधरा-वीस किलोमीटर खोल असलेला खडक गुराख्याच्या पायवाटेवर उघडा पडला आहे.

चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग ही तुमसर तालुक्यातली गावे मॅंगनीजच्या खदानींमुळे लोकांना माहीत आहेत. हे मॅंगनीज मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला थर. त्याच्या वर-खाली वाळू, चिखल, चुना. पुढे सगळाच गाळ दोन जुन्या भूखंडांच्या चेपात सापडला आणि वाळूचा क्वार्टझाइट, चिखलाचा अभ्रकी शिस्ट, चुन्याचा संगमरवर झाला. छिंदवाड्यापासून नागपूर-भंडाऱ्यातून बालाघाटपर्यंत सुमारे 200 किलोमीटर पसरलेल्या या खडकांना सौसर गट म्हणतात. त्यातल्या एका शिलासमूहाला सीतासावंगीचेच नाव आहे. एल. एल. फर्मर यांनी 1909 साली भारतातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इकडच्या गार्नेट आणि क्वार्ट्झच्या खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव त्यांनीच दिले. गोंडाइट बाहेरून काळाकुट्ट. हातोड्याने कोर उडवली की ताज्या भागावर, भिंगाखाली, पिवळसर नारिंगी गार्नेटचे गच्च बसलेले दाणे दिसतात. तेवढ्यात बांधावरून कोणीतरी विचारतोच, “सायेब, सोना हाय का?”

माझे बरेचसे काम मात्र थर कोणत्या दिशेला धावतो आणि कोणीकडे किती कलतो हे मोजण्याचे. ब्रंटन होकायंत्र खडकावर टेकवायचे, दोन आकडे वहीत लिहायचे, पुढच्या उघड्या खडकाकडे चालू लागायचे. मॅग्नेटाइटसारखे चुंबकी खनिज आसपास असले की सुई भरकटते. मग लांबच्या देवळाचा कळस किंवा टेकडीचे टोक धरून दिशा काढावी लागते. आकड्यांइतक्याच मोलाच्या असतात थरातल्या बोटभर वळ्या. मोठ्या घडीच्या एका बाजूवर या वळ्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या असतात, दुसऱ्या बाजूवर झेडसारख्या, आणि ऐन वळणापाशी एमसारख्या. नाल्यातून चालताना एस, एस, मग एम आणि नंतर झेड दिसू लागले की किलोमीटरभर रुंदीच्या घडीचा कणा आपण ओलांडला असे समजायचे. ती अख्खी घडी डोळ्यांनी कधीच दिसत नाही. लहान घडी मोठीचा स्वभाव सांगते, हे अमेरिकेत राफाएल पंपेली यांनी 1894 साली नोंदवून ठेवले. खदानीत उमर घालवलेल्या माणसाला त्यासाठी पुस्तक लागत नाही. वळणावर थर फुगतो आणि बाजूंना चेपून पातळ होतो, म्हणून खनिज कुठे जास्त लागेल हे तो आधीच सांगतो.

घडी अति झाली की तुटते, आणि वरचा तुकडा खालच्यावर चढून पुढे सरकतो. आल्प्समधल्या ग्लॅरसचे उलटेपालटे थर असे सरकत आले, हे मार्सेल बर्ट्रांड यांनी 1884 साली मांडले. आपल्याकडे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 साली नागपूर-जबलपूर रस्त्यावरच्या देवलापारजवळ तसाच प्रकार दाखवला. रडारच्या चित्रांची, संगणकाची सोय नसताना, केवळ पायी नकाशा करून. त्या कामाला मी आजही मान देतो.

खोलीचा हिशेब खनिजांवरून लागतो. कायनाइट, अँडलुसाइट, सिलिमनाइट या तिघांचे रासायनिक सूत्र एकच. पण दाब जास्त तर कायनाइट, दाब कमी तर अँडलुसाइट, उष्णता फार तर सिलिमनाइट. तिघे एकत्र नांदू शकतात ती जागा सुमारे 500 अंश सेल्सिअस आणि साधारण चौदा-पंधरा किलोमीटर खोलीची. लाखनी तालुक्यातल्या पोहऱ्याचा कायनाइट हातात घ्या. निळसर, लांब पात्यांचा. चाकूचे टोक लांबीच्या दिशेने ओढले तर ओरखडा उठतो, आडवे ओढले तर चाकूच घसरतो. मात्र पोहऱ्यात सोबत टूरमलीनही आहे, म्हणजे तिथे गरम द्रवांचाही हात लागलेला. एकट्या कायनाइटवरून खोली सांगून मोकळे होणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा, ओळखणे त्याहून अवघड, कारण त्या रेषेत खडक चुरडलेला, त्यामुळे तिथेच आधी झीज होते, नाला वाहतो, गाळ बसतो. खूप खोलात तर खडक तुटतही नाही, तापून ओढला जातो. अशा पट्ट्यात फेल्डस्पारचे टणक दाणे तेवढे टिकतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तिरप्या शेपट्या निघतात. शेपट्यांच्या कलावरून कोणती बाजू कुठे सरकली ते वाचता येते. त्यासाठी तुकडा काढण्यापूर्वी त्यावर उत्तरेचा बाण आणि कल लिहायचा, खडक ज्या दिशेने ताणला गेला त्याच दिशेत तो कापायचा, आणि घासून 0.03 मिलिमीटर जाडीचा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. बाण न काढता आणलेला नमुना दिसायला कितीही देखणा असो, मी तो टाकून द्यायला लावतो.

हे सगळे कशासाठी, तर एका जुन्या सांध्यासाठी. उत्तरेचा बुंदेलखंड आणि दक्षिणेचा बस्तर हे दोन प्राचीन भूखंड मध्य भारतात एकमेकांना जोडले गेले. सौसर पट्ट्याच्या दक्षिण कडेला भंडारा-बालाघाटचे ग्रॅन्युलाइट, म्हणजे भूकवचाच्या तळाशी शिजलेले खडक, वर आले आहेत. सांधा त्यांच्या आसपास धरतात. येडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली ही टक्कर भूपट्टांच्या भाषेत मांडली. त्यांच्या दक्षिणेला साकोलीचे फिलाइट आणि शिस्ट त्या मानाने कमी तापलेले. एवढ्याशा अंतरात इतका फरक पडतो, तेव्हा मधे काहीतरी मोठे सरकले असणारच. पण कोणता भूपट्ट कोणाखाली गेला यावर आजही दोन तट आहेत, आणि वयावरही: कोणी जोडणी 160 कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी धरतात, कोणी शेवटची मोठी चेप 100 कोटींच्या आसपास. मला स्वतःला एकच टक्कर झाली हे पटत नाही; एका खडकात दोन-दोन वेळच्या घड्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

जुने भ्रंश निवांत झाले असेही नाही. याच मध्य भारतीय पट्ट्यात, उत्तरेला, 22 मे 1997 रोजी जबलपूरला 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला, केंद्र सुमारे 35 किलोमीटर खोल, नर्मदेच्या दक्षिणेकडल्या भ्रंशावर. त्यामुळे वैनगंगेच्या गाळाखाली शिरणारी भ्रंशाची रेषा मी नकाशावर तुटक काढतो, पण काढतोच. भातकापणी झाली की विहिरी खणायला सुरुवात होते. खणलेल्या मातीच्या ढिगात ताजा खडक निघतो, आणि तुटक रेषेतला एखादा भाग तेव्हाच अखंड करता येतो.