नोकरीनंतरचा अभ्यास



माझी मुलगी यवतमाळात इंजिनिअर झाली, पुण्याच्या संगणक कंपनीत लागली. सुटीत घरी आली तरी रात्री दोन तास अभ्यास करते. शेजारणी विचारतात, “नोकरी लागली ना व बाई, आता कशाची परीक्षा?”

मी जिनिंगमध्ये काम केले. तिथे एकदा हात बसला की जन्मभर पुरे. संगणकाचे तसे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले. नवी मुले लिहीत ते साधे प्रोग्रॅम आता यंत्रही लिहून देते. त्यातली चूक पकडणारा माणूस मात्र लागतो. खाजगी कंपनीत आरक्षण नाही. तिथे कसबच पाठीशी उभे राहते. सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७ पासून मोफत शिकता येते, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पुढे मुंबईत प्राध्यापकी मिळाली, तरी १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आता मुलीला स्थळे येत आहेत. हुंड्याचा विषय आमच्या घरी नाहीच. पाहुण्यांना मी एकच विचारणार आहे: सून झाल्यावर तिला रोजचे हे दोन तास मिळतील ना?

जय भीम!