पडद्याची दिशा

मैंदर्गीत लोकांचे अर्ज भरून देण्याचा माझा काउंटर. सकाळी दार उघडलं की ऊन सरळ स्क्रीनवर. ते टाळायला मान वाकडी करून टायपिंग करायचो, दुपारी कपाळ ठणकायचं. अखेर टेबल फिरवलं. आता दार डाव्या हाताला आहे, समोरही नाही आणि पाठीशीही नाही. खर्च काही नाही.

*

देवनागरी बारीक दिसली की घात होतो. घ-ध, भ-म, १-९. घोडक्यांचा धोडके व्हायला एवढीशी गाठ पुरते. अक्षर मोठं करून, १२५ टक्क्यांवर ठेवून काम करतो. पानावर ओळी कमी मावतात, पण मात्रा आणि अनुस्वार दिसतात.

*

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. ०.४० म्हणजे साधारण एक एकर, ०.०४ म्हणजे साधारण चार गुंठे. एका खिडकीत उतारा, दुसऱ्या खिडकीत अर्ज, आणि मधल्या उडीत आकडा डोक्यात धरायचा. चूक तिथेच होते. जुना मॉनिटर जोडून दोन्ही शेजारी ठेवले, तेव्हापासून आकडा बघून लिहितो, आठवून नाही.

*

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, अंतर हातभर. माझ्याकडे खाली दोन विटा आहेत. दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर विटा काढाव्यात; खालच्या भिंगातून वाचायला मान मागे टाकावी लागते. लॅपटॉप उंच केला तर कीबोर्ड वेगळा हवाच.

*

स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात. त्यात उन्हाळ्यात पंखा तोंडावर, डोळे कोरडेच. पंखा बाजूला वळवला. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे बघायचं. मी रस्त्यापलीकडचं झाड बघतो.

*

कामाच्या स्क्रीनवर व्हॉट्सॲप उघडं ठेवत नाही. कोपऱ्यात निरोप चमकला की अर्धं नाव लिहून हात थांबतो. परत आल्यावर कुठे होतो तेच शोधावं लागतं.

*

आधार नोंदणीत एक स्क्रीन नागरिकाकडे तोंड करून ठेवायची पद्धत आहे. आपली माहिती माणसाने स्वतः बघावी, चूक तिथल्या तिथे सांगावी. बाकीच्या कामांतही हे का नसावं? आपला गाव सीमेचा. घरात कन्नड, कागद मराठीत. उच्चार एक, लिहिलेलं भलतंच, असं सहज होतं. म्हणून सबमिट करण्याआधी मॉनिटर समोरच्याकडे वळवतो आणि कन्नडमध्ये म्हणतो, ‘नोड्री’, बघा. वाचता येत नसेल त्याला नाव मोठ्याने वाचून दाखवतो.

*

एका आजोबांनी परवा स्क्रीनवर बोट ठेवलं. वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली होती. दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं. तीच चूक कागदावर उतरली असती तर त्यांना तालुक्याला, अक्कलकोटला फेऱ्या होत्या.

*

काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगणं एवढंच: नवं यंत्र मागण्याआधी आज टेबल फिरवा, अक्षर मोठं करा, आणि ज्याचं नाव लिहिताय त्याला ते दिसू द्या.