चाकांवरचे स्वयंपाकघर : अहिल्यानगर ते गुहागर

आपल्या व्यापारी कुटुंबांच्या प्रवासाचा नकाशा कोणी काढला, तर तो बहुधा भोजनशाळांचा नकाशा निघेल. पालिताणा, शंखेश्वर, राणकपूर, सम्मेदशिखर. जेथे सूर्यास्तापूर्वी ताटात गरम अन्न आणि उकळलेले पाणी मिळण्याची खात्री, तेथवर आपला भूगोल. आमच्या भाभींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नीने, ही सारी ठिकाणे पाहिली आहेत. काही तर दोन-तीन वेळा. परंतु अहिल्यानगरपासून तीनशे किलोमीटरच्या आत असलेला कोकणचा समुद्र त्यांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत पाहिलेला नव्हता. मुंबईची चौपाटी एकदा लग्नाच्या गडबडीत पाहिली होती. तिची त्या गणना करीत नाहीत.

याचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते. ४३ वर्षे त्यांचा चौविहार मोडलेला नाही, कंदमूळ वर्ज्य, सकाळी नवकारसी झाल्यावरच पाणी. कोकणात जायचे ठरले की त्या शांतपणे म्हणत, “तुम्ही सगळे जाऊन या. दुकानाकडे आणि घराकडे कोणीतरी हवेच ना?” आणि आम्ही जाऊन येत असू. कोकणातल्या हॉटेलात त्यांचे हाल होतील ही आमची काळजी खरी होती. पण त्या निमित्ताने त्या घरी राहतात, हे आमच्या सोयीचे झाले होते, हेही तितकेच खरे.

गेल्या दिवाळीत पुतण्याने भाड्याच्या कॅरॅव्हॅनची कल्पना मांडली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांची चर्चा बरीच वाढली आहे. आत पलंग, ओटा, शेगडी, शौचालय, सर्व काही असते. भाभींनी मोबाईलवरची छायाचित्रे चष्मा लावून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “त्या शेगडीवर आदल्या दिवशी काय शिजले असेल?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. भाड्याची गाडी रद्द झाली आणि घरची गाडी सजवायचे ठरले.

घरची गाडी म्हणजे पुतण्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेली जुनी, पांढऱ्या पाटीची व्हॅन. पुढे चालकाशेजारी एक आसन, मधल्या रांगेत तिघांचे बाक, आणि मागे समोरासमोर दोन लांब बाके. पुतण्याचा विचार मागची बाके उपटून तेथे पक्का ओटा व पलंग बसविण्याचा होता. तेथे माझ्यातील बँक अधिकारी जागा झाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हाच अर्थ ठामपणे सांगितला. मुळातच कॅरॅव्हॅन म्हणून बनणाऱ्या गाड्यांसाठी स्वतंत्र मानक आहे; घरच्या अंगणात ते पाळणे शक्य नाही. शिवाय अपघात झालाच, तर विमा कंपनी प्रथम कागद पाहते. पस्तीस वर्षे तारण मालमत्तेची कागदपत्रे तपासलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून एक नियम ठरला : एकही आसन काढायचे नाही, पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही. जे काही करायचे, ते सामानासारखे आत ठेवता आणि बाहेर काढता आले पाहिजे.

नियमामुळे उलट काम सोपे झाले. समोरासमोरच्या दोन बाकांमध्ये २२ इंचांची वाट होती आणि बाकांची उंची १६ इंच. तेवढ्याच रुंदीच्या तीन पेट्या करून त्या वाटेत एकामागे एक ठेवल्या की बाक, पेट्या, बाक असा सलग पलंग तयार होतो. पेट्यांची उंची १४ इंच ठेवली आणि वर दोन इंचांची गादी घातली, म्हणजे पाठीला खाच लागत नाही. मधल्या पुतण्याचे प्लायवूडचे दुकान असल्याने लाकडाचा प्रश्न नव्हता. त्याने पाण्याने न फुगणारे १२ मिलिमीटरचे प्लाय काढले. आठ बाय चारचा असा एक तक्ता साधारण २५ किलो भरतो, म्हणून आतल्या फळ्यांना मोठी गोल भोके पाडून वजन उतरविले. दुकानावर येणारा सुतार तीन रविवार घरी येत होता.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. कापडबाजाराच्या तोंडाशी त्यांनी भांड्यांच्या दुकानात ५० वर्षे घालविली. मुलांकडे दुकान सोपविल्यापासून ते दुपारी ओसरीवर नुसते बसून असत. पेट्यांचे माप ठरू लागले तेव्हा ते उठून आले आणि म्हणाले, “पेटी आधी करून भांडी मागून भरू नका. भांडी आधी लावा, मग पेटी मापा.” घरातील जुना वजनकाटा काढला गेला. एकात एक बसणारी पातेली, ज्यांची झाकणे ताटे म्हणूनही चालतील. मसाल्याचा डबा, ज्याचे झाकण उलटे केले की परात. प्रत्येक भांड्याचे वजन त्यांनी वहीत उतरविले. पेट्या, पाणी, गॅस, अंथरुणे मिळून १९० किलो झाले. गाडीत पाचच माणसे बसणार असल्याने रिकाम्या आसनांच्या वजनात हा भार सहज मावत होता. जड वस्तू तळाशी आणि मागच्या चाकांच्या पुढे, डावीकडे जितके तितकेच उजवीकडे, हा नियमही त्यांनीच घालून दिला. पेट्या बाकांच्या लोखंडी पायांना पट्ट्यांनी आवळून बांधल्या; एकदम ब्रेक लागला तर सुटी पेटी पुढच्या माणसाच्या पाठीत बसते.

मागच्या दारालगतची पेटी स्वयंपाकाची. दार उघडून ती बाहेर ओढली की ओटा तयार होतो आणि स्वयंपाक उघड्या हवेत होतो. हे सोयीसाठी कमी आणि सुरक्षिततेसाठी अधिक. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचून राहतो, आणि बंद गाडीत तर ठिणगीचीच वाट पाहतो. पाच किलोचे लहान सिलिंडर उभे बांधले आणि चालत्या गाडीत त्याचा रेग्युलेटर काढून ठेवण्याची जबाबदारी माझ्या पत्नीने घेतली. वाऱ्यात ज्योत विझू नये म्हणून दादांच्या ओळखीच्या कारागिराने पत्र्याचा तीन पाखांचा आडोसा करून दिला.

विजेचा जमाखर्च मी मांडला. १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॉट-तासांची जमा. प्रत्येकी २० वॉटचे दोन पंखे रात्रभर आठ तास चालले तर ३२०, दिव्यांचे ५०, मोबाईलचे ६०, खर्च ४३०. म्हणजे जवळजवळ तीन रात्रींची शिल्लक. शिवाय थांबल्या जागी उन्हात ठेवण्याचा १०० वॉटचा घडीचा सौर तक्ता. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा, हा आमच्या जावयांचा आग्रह. त्यांचा विद्युत साहित्याचा व्यवसाय आहे. पडदे, गाद्यांच्या खोळी आणि खिडक्यांना चुंबकाने चिकटणाऱ्या मच्छरदाण्या घरातील स्त्रियांनी शिवल्या.

एक विषय लोक लेखात टाळतात, तो टाळत नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला रात्री दोनदा उठावे लागते. त्यासाठी हाताने उचलता येणारे बंद टाकीचे शौचपात्र आणि एक उभा, अरुंद तंबू घेतला. सकाळी मुक्कामाच्या घरच्या शौचालयात टाकी रिकामी करायची. ही सोय झाली तेव्हाच दादांनी येण्यास मनापासून होकार दिला. त्याआधीचा होकार तोंडदेखला होता.

हिशेबात मात्र माझी अडचण झाली. प्लायचे, तारांचे, शिलाईचे बिल द्यायला कोणी तयार होईना. रोख खर्च दिसला तो बॅटरी, सौर तक्ता, शौचपात्र आणि सुताराची मजुरी एवढाच. बाकीच्या रकमा कोणत्या खात्यात लिहाव्यात, हे एम.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हते. शेवटी त्या मी ‘देणे’ या सदराखाली लिहून ठेवल्या आहेत.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही निघालो : दादा, भाभी, मी, माझी पत्नी आणि गाडी चालविणारा पुतण्या. त्या दिवसांत कोकणात सूर्यास्त सुमारे पावणेसातला होतो. म्हणून साडेचारला गाडी थांबलीच पाहिजे, असे भाभींचे वेळापत्रक ठरले. पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करीत हरिहरेश्वरला पहिला मुक्काम एका नारळी-पोफळीच्या वाडीत केला. जागेचे व न्हाणीघराचे पैसे आधी बोलून घेतले. दादा-भाभी गाडीत, माझी पत्नी मधल्या बाकावर, पुतण्या आणि मी घरमालकांच्या पडवीत.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली. गाडी थेट बोटीवर चढते आणि काही मिनिटांत पलीकडे वेश्वीला उतरते. भाभी खाली उतरून कठड्याशी उभ्या राहिल्या. महाबळेश्वरला उगम पावणारी नदी येथे समुद्राला मिळते, हे मी सांगत होतो. त्यांचे लक्ष नव्हते. “पाणी हलते आहे की आपण?” एवढेच त्यांनी विचारले.

बाणकोटच्या पुढे वेळास. नाना फडणविसांचे हे मूळ गाव आता कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने येथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम उभे केले. वाळूत घातलेली अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचविण्यासाठी कुंपणाच्या आत हलवितात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि सकाळी व सायंकाळी समुद्राकडे सोडली जातात.

आम्ही ज्यांच्या अंगणात गाडी लावली, त्या काकू भाभींच्या मागे उभ्या राहून सारे पाहत होत्या. भाभींनी विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळले आणि कापडावरचे पाणी उलट्या बाजूने हलकेच पुन्हा विहिरीत सोडले. काकूंनी विचारले, “ते कशाला हो?” भाभी म्हणाल्या, “त्यात जे काही बारीक जीव असतील, ते त्यांच्या घरी गेले.” काकू क्षणभर थांबल्या, आत गेल्या आणि कच्च्या केळ्यांचा फणा घेऊन आल्या. आपल्याकडे बटाट्याच्या जागी केळे चालते, हे त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे. साडेपाचला मुगाची खिचडी, केळ्याची भाजी आणि कढी अशी पाने वाढली गेली. काकूही बसल्या.

सहाच्या सुमारास किनाऱ्यावर गर्दी होती. दोरीच्या अलीकडे सारे उभे; पलीकडे वाळूवर टोपली उपडी केली आणि तळहाताच्या खळग्यात मावतील अशी सात पिल्ले समुद्राकडे सरकू लागली. त्यांना पाण्यात नेऊन सोडीत नाहीत. थोडे अंतर त्यांनीच चालावे लागते. सहा गेली. सातवे एका पावलाच्या खळग्यात अडकले, उलटे वळले, पुन्हा वळले. सूर्य पाण्याला टेकला होता आणि लोक छायाचित्रांसाठी पांगू लागले होते. दादा गुडघ्यांमुळे मागे खुर्चीवर बसले होते, त्यांनी हाक मारली, “चला आता, अंधार होईल.” भाभी हलल्या नाहीत. “एक राहिले आहे,” त्या म्हणाल्या. ते लाटेत दिसेनासे होईपर्यंत त्या उभ्या होत्या. जेवण आटोपलेले असल्याने घड्याळाकडे पाहण्याचे कारण नव्हते.

पुढे केळशी, आंजर्ले, दापोली करीत दाभोळ. आपल्या वाचकांनी येथे अवश्य थांबावे. बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनचा माल याच बंदरातून अरबस्तानाकडे जात असे. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. आज वाशिष्ठीच्या मुखाशी सतराव्या शतकातील एक देखणी मशीद आणि मासेमारी होड्यांचा धक्का, एवढेच त्या वैभवाचे खाणाखुणा सांगणारे उरले आहे. व्यापाराची पेठ किती लवकर गाव होते, यावर दादा बोटीवर बराच वेळ बोलत होते. पलीकडे धोपावे, आणि तेथून गुहागर. सुरूच्या बनाआडच्या त्या लांबलचक किनाऱ्याजवळ आम्ही ठरलेल्या एका रात्रीऐवजी तीन रात्री राहिलो. मुक्काम भाभींनी वाढविला. पहाटे त्या आणि माझी पत्नी चालायला जात आणि नवकारसीच्या वेळेला परत येऊन चहाचे आधण ठेवीत.

तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, आंबा घाट, कोल्हापूर हा परतीचा रस्ता सर्वपरिचित आहे.

घरी आल्यावर पट्ट्या सोडून तिन्ही पेट्या वीस मिनिटांत गोदामात गेल्या आणि पुढच्या रविवारी तीच गाडी वऱ्हाडाला घेऊन गेली. सायंकाळी भाभी गोदामात आल्या. स्वयंपाकाची पेटी त्यांनी एकदा ओढून पाहिली आणि पुतण्याला म्हणाल्या, “पाण्याचा कॅन डाव्या अंगाला घे रे. लाटताना कोपर लागते. आणि पोळपाट थोडा लहान चालेल.” त्याने कानावरची पेन्सिल काढून पेटीवर तसे लिहून ठेवले आहे.