टेन्शन घेऊ नकोस म्हणणाऱ्यांना

‘तू टेन्शन फार घेतेस गं, म्हणून राहत नाही.’ बोईसरच्या हळदीकुंकवात हे मी कितीदा ऐकलं असेल! सांगणारीच्या पोटात मायाच असते, त्यामुळे उलट बोलताही येत नाही. मूल होत नाही हा एक दोष, आणि त्याचं दुःख होतं हा दुसरा. दोन्ही आपल्याच पदरात.

टेन्शन येतं कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. नवरा तारापूर एमआयडीसीत नाइट शिफ्टला. मग उपचारांसाठी पहाटेच्या लोकलनं मुंबई गाठायची एकटीनं, सोनोग्राफीत अंडं किती मिलिमीटर वाढलं ते ऐकायचं आणि कामावर दाताचं दुखणं सांगायचं. गर्भाचं ट्रान्सफर झालं की दिवस राहिले का ते सांगणाऱ्या बीटा रिपोर्टची वाट. त्या दिवसांत खोकतानासुद्धा भीती वाटते. लेडीज डब्यात ओळख होते न होते तोच प्रश्न येतो, ‘मुलं किती?’ घरी महालक्ष्मीचा नवस बाकी असतोच.

संशोधक जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १४ अभ्यासांतल्या, मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उपचाराआधी मनानं खचलेल्या बायकांना त्या उपचारात दिवस राहण्याची शक्यता त्यामुळे कमी झालेली दिसली नाही. हे वाचलं आणि मी मनसोक्त रडले. रडायला हरकत नव्हती तर!

क्लिनिकच्या बाकावर भेटलेल्या सातपाटीच्या एका बाईनं मला डॉक्टरांपेक्षा जास्त शिकवलं. म्हणाली, ‘डोहाळजेवणाला जायला मन होत नसेल तर जाऊ नको. साडी पाठव.’ मी पाठवू लागले. काही नाती रुसली, बहुतेक टिकली.

जोतिराव फुल्यांना मूल नव्हतं. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला तेव्हा, दोष बायकोचाच कशावरून, असं विचारून त्यांनी तो झिडकारला. पुढे त्यांनी आणि सावित्रीबाईंनी यशवंताला दत्तक घेतलं. आज मूल होत नसलेल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं. तरी बाईच्या नळ्या आधी तपासतात. वीर्यतपासणी स्वस्त, बिनदुखीची, पण तिला मुहूर्त लागत नाही.

रात्री फारच कोंडलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि सासूबाईंनो, सुनेला उपाय सांगण्याआधी एकदा मुलाला विचारा, तुझी तपासणी झाली का?