बोटीवरच्या मामांचं इंजिन

दोन आठवड्यांपूर्वी भाचीला घेऊन कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये गेलो होतो. १९९८ साली सुरू झालेलं हे छोट्या गाड्यांचं म्युझियम मी लहानपणी पाहिलं होतं, आता तिची पाळी. शो संपला, बाईसाहेब रिक्षात बसल्या आणि प्रश्न आला.

"मामा, आपल्याकडे आहे का अशी गाडी?"

"आहे. पण चालत नाही."

"का?"

"मी मोडली म्हणून."

वीस वर्षं मी हेच उत्तर देत आलोय. पण सात वर्षांच्या मुलीचं एवढ्यावर समाधान होत नाही. "मग दुरुस्त का नाही केली? तू इंजिनिअर आहेस ना?"

आता काय बोलणार!

तर झालं होतं असं. बाबांचे मामा बोटीवर नोकरीला होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी इंग्लंडहून बाबांसाठी एक मॉडेल रेल्वे आणली. काळं वाफेचं इंजिन, दोन डबे, गोल रूळ आणि ट्रान्सफॉर्मर. (वाफेचं फक्त दिसायला हं, आत विजेची मोटर.) बाबांनी ते जिवापाड जपलं. २००४ च्या दिवाळीत माझ्यासाठी माळ्यावरून खाली काढलं. पुढच्या दिवाळीत, मी आठ वर्षांचा असताना, एका दुपारी मी बटण पार टोकाला फिरवलं. गाडी सुसाट सुटली, दोन फेऱ्या झाल्या, खट्टकन थांबली आणि जळका वास आला. पाठोपाठ पाठीत धपाटा. "तू हात लावलास की मोडलंच!"

इंजिन परत माळ्यावर गेलं. धपाटा मी विसरलो, वाक्य काही विसरलो नाही. कॉलेजात लॅबमध्ये सर्किट जोडायची वेळ आली की मी पार्टनरला पुढे करायचो आणि स्वतः रीडिंग लिहून घ्यायचो. सॉफ्टवेअरमध्ये आलो त्याला पगार हे मुख्य कारण, पण कोडमध्ये चुकलं तर कंट्रोल-झेड असतं हेही एक होतंच.

असो. मागच्या शनिवारी खोकं खाली काढलं. आईने "धूळ बाहेर झटक" एवढीच प्रतिक्रिया दिली. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

या इंजिनाचं वायरिंग म्हणजे अगदी गरीब प्रकरण. ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट डीसी रुळांवर येतो. एक रूळ प्लस, एक मायनस. उलटे केले की गाडी उलटी धावते. एका बाजूच्या चाकांतून करंट थेट इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यात जातो. दुसऱ्या बाजूची चाकं सांगाड्यापासून इन्सुलेट केलेली. त्यांना एक पातळ पत्ती घासत राहते आणि पत्तीपासून एक वायर मोटरच्या ब्रशपर्यंत जाते. बास. अख्ख्या इंजिनात एक वायर! आमच्या ऑफिसातल्या सर्व्हर रूममध्ये हे सांगितलं तर लोक रडतील.

एक स्क्रू काढला की वरचं कवच सुटतं. ती एकुलती एक वायर काळी पडली होती, वरचं प्लास्टिक वितळलेलं. मल्टिमीटर दोन्ही बाजूंच्या चाकांना लावला. मोटरच्या वेटोळ्यांचा थोडा तरी रेझिस्टन्स दिसायला हवा. इथे जवळजवळ शून्य. म्हणजे शॉर्ट. पण कुठे?

तासभर शोधल्यावर सापडलं. मोटरच्या दोन्ही कार्बन ब्रशना दाबून धरायला एकच स्प्रिंग असते, केसांच्या आकड्यासारखी, दोन पायांची. तिच्या एका पायावर इन्सुलेशनची छोटीशी नळी हवीच. ती नसेल तर करंट मोटरमधून जायची तसदी न घेता स्प्रिंगमधूनच पलीकडे जातो. माझ्या स्प्रिंगवर नळीच्या जागी काहीतरी काळं, चिकट, फाटलेलं होतं. बोटाला लागलं. वास घेतला तर रबर.

स्प्रिंग चिमट्यात धरून बाबांकडे गेलो. "हे काय आहे?"

चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "व्हॉल्व्ह ट्यूब. सायकलची. मीच घातली होती. मूळची नळी वाळून तिचे तुकडे पडले होते आणि तुला दिवाळीत गाडी दाखवायची होती."

मी काही बोललो नाही. खरं तर तोवर मला कळलं होतं. १२ व्होल्टवर फुल स्पीड हे त्या इंजिनाचं रोजचं काम, त्याने ते मोडत नाही.

"आणि वरून शिवणाच्या मशीनचं तेल सोडलं होतं मी," बाबा म्हणाले. "तेलाने रबर खराब होतं. मला कळायला हवं होतं."

पेपर घडी करून त्यांनी बाजूला ठेवला. आमच्या घरात माफी यापेक्षा मोठ्या आवाजात मागत नाहीत.

रविवारी सकाळी तपकीर गल्ली बंद असणार म्हणून शनिवारीच धावत जाऊन हीट-श्रिंक नळी आणि बारीक मल्टिस्ट्रँड वायर आणली. दुकानदाराने कपाळाला आठ्या घालत वीतभर नळी दिली. लागणार होती चार मिलिमीटर. घरी येऊन सोल्डरिंग आयर्न बाबांच्या हातात द्यायला गेलो, कारण त्यांचं काम नेहमीच माझ्यापेक्षा सुबक. त्यांनी हात मागे घेतला.

"डाग तू दे. माझा हात थरथरतो आता. मी वायर धरतो."

पहिला डाग फुटाण्यासारखा झाला. दुसरा बरा जमला. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, इंजिन ठेवलं, बटण फिरवलं. काही नाही. बाबांनी बोटाने हलकेच ढकललं. इंजिन कण्हलं, दोन इंच सरकलं, आणि मग सुटलंच.

रविवारी भाची आली. तिने काय करावं? बटण थेट टोकाला!

"अगं हळू!" मी ओरडलो.

"असू दे रे," बाबा म्हणाले. "चालवू दे तिला."

संध्याकाळी खोकं बंद करताना आत एक चिठ्ठी ठेवली. तारीख, आणि खाली दोन ओळी: 'वायर व ब्रशची नळी बदलली. रबर वापरू नये, तेल बेताने.' कोडमध्ये कॉमेंट लिहायचा मला भयंकर कंटाळा आहे, पण ही लिहिली. बाबांनी वाचली, पेन मागितलं आणि खाली थरथरत्या अक्षरात जोडलं, 'दुरुस्ती: चिरंजीव.'