साडेतीन मिलिमीटरची जागा

आमच्या गाडीतल्या टेपवर कॅसेट चालत नाही. घातली की दोन सेकंद घरघर होते आणि जीभ दाखवल्यासारखी कॅसेट बाहेर येते. आतला रबरी बेल्ट कधीचा सैल पडलाय. पण रेडिओ लागतो, त्यामुळे बाबांच्या हिशेबानं टेप चालू आहे. गाडी २००६ची, एकदम बेस मॉडेल. डॅशबोर्डमध्ये कंपनीनंच बसवलेला हा टेप. ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही, ऑक्सची पिन लावायलाही जागा नाही.

मी पुण्यात, गाडी तासगावला. त्यामुळे मला त्याचं काही पडलेलं नव्हतं. मग आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा मिरज. पाऊण-एक तास जायला, चार तास मशिनवर आणि तेवढाच वेळ यायला. येताना आई गळून गेलेली असते. बोलायची ताकद नसते, पण तिला काहीतरी ऐकायचं असतं. कथाकथन हा तिचा जुना नाद. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर. आता ते सगळं यूट्यूबवर आहे आणि तिच्या मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवलेलं आहे.

मोबाइलच्या स्पीकरचा आवाज आमच्या गाडीच्या खडखडाटात टिकत नाही. मी इअरफोन पाठवले. पुढच्या फोनवर बाबा म्हणाले, “चांगले आहेत. पण ती कानात घालून बसली की गाडीत मी एकटाच असतो गं.”

मी काही बोलले नाही. मग रात्री दीड वाजेपर्यंत गाडीचे स्टिरिओ बघत बसले.

नवीन स्टिरिओ बसवणं हा सरळ उपाय होता. बाबांनी तो एका वाक्यात उडवला. “रेडिओ चालतोय की, कशाला उचकटायचं?” पैशांचा प्रश्न नव्हता. त्या वर्षी घरात इतकं काही बदललं होतं, की निदान गाडीतलं तरी काही हलू नये असं त्यांना वाटत असावं. मी लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर नेऊन दिला. तो मोबाइलचा आवाज छोट्या रेडिओ स्टेशनसारखा हवेत सोडतो आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. तासगावात ठीक चालला. मिरज जवळ आलं की त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास खरं स्टेशन घुसायचं आणि मिरासदारांच्या मध्येच प्लॉटची जाहिरात लागायची. कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण तो चालायला टेपनं कॅसेट आत ठेवून घ्यायला हवी.

राहिला एकच मार्ग. टेप उघडायचा आणि आत वायर जोडायची.

इथं एक कबुली देते. माझी डिग्री ईअँडटीसीची आहे. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. डिग्री हातात पडल्यापासून मी फक्त कोड लिहिलाय. सोल्डरिंग गन शेवटची धरली ती फायनल इयरच्या प्रोजेक्टला, आणि तेव्हाही सोल्डर मारणारा मित्र वेगळा होता. बाबांनी चार वर्षांची फी भरून घडवलेली इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर दिवाळीच्या सुट्टीत स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीत बसली, तेव्हा ते दारात उभं राहून बघत होते. बोलले काहीच नाहीत. त्याचंच जास्त टेन्शन आलं.

टेप बाहेर काढताना पहिली चूक केली. मागचा कनेक्टर उपसला. त्यात पिवळी वायर कायम बारा व्होल्ट देते, तिच्यावर टेपची मेमरी जिवंत असते. लाल वायर चावी फिरवली की. पिवळी सुटली आणि बाबांनी लावून ठेवलेली सगळी स्टेशनं पुसली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, “बातम्या कुठं गेल्या?”

आत काय दिसलं ते सांगते, कारण मला ते फार आवडलं. टेपमध्ये आवाजाचे दोन रस्ते आहेत. एक कॅसेटच्या हेडकडून येतो, दुसरा रेडिओच्या ट्यूनरकडून. दोन्ही एका छोट्या चिपपाशी भेटतात. कुठला आवाज पुढं सोडायचा, किती मोठा, बास किती, हे ती चिप ठरवते आणि मग अ‍ॅम्प्लिफायर तो स्पीकरपर्यंत ढकलतो. चिपवरचा नंबर सर्च केला तर डेटाशीट मिळाली. कुठली पिन कशाची, सगळं छापलेलं. कॅसेटच्या रस्त्यावर मोबाइल जोडण्यात अर्थ नव्हता. हेडमधून येणारा सिग्नल अगदी किरकोळ, मिलिव्होल्टपेक्षाही कमी. त्यापुढं मोबाइलचा आवाज म्हणजे कानात ओरडणं. शिवाय कॅसेट आत राहिल्याशिवाय तो रस्ता उघडतच नाही. म्हणून रेडिओचा रस्ता पकडायचा ठरवला.

पण रेडिओ बंद पडून चालणार नव्हतं. त्यावर उपाय खुद्द सॉकेटमध्येच असतो. साडेतीन मिलिमीटरचं एक सॉकेट मिळतं, त्यात आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात. पिन घातली की त्या विलग होतात. ट्यूनरची रेघ तोडायची आणि या पट्ट्यांमधून फिरवून आणायची. पिन नसेल तर रेडिओ नेहमीसारखा, पिन घातली तर मोबाइल. वेगळं बटण नको, बाबांना काही नवीन शिकवायला नको. मोबाइलमधलं हे भोक कंपन्या २०१६पासून एकेक करून बुजवत चालल्यात. माझ्या फोनला ते नाहीच. आईच्या जुन्या फोनला आहे.

गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी दुकानाचा कोपरा आणि गन दिली. दोन रेघा ब्लेडनं कापल्या, सोल्डर मारलं, पिन घातली. आवाज आला, पण फाटलेला. जणू कुणीतरी पत्र्याच्या डब्यात बोलतंय. मी तासभर वायरी तपासल्या. काकांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, “कपॅसिटरच्या कुठल्या अंगाला कापलंस?”

मी चिपच्या अंगाला कापलं होतं. चिपच्या पिनवर आधीच काही व्होल्ट डीसी बसलेला असतो. तो तिथंच राहावा आणि फक्त आवाज आत यावा, म्हणून मध्ये कपॅसिटर असतो. मी त्याला बाजूला टाकून मोबाइल थेट पिनवर नेला होता आणि मोबाइलनं तो व्होल्टेज खाली ओढला. कपलिंग कपॅसिटरचं काम काय, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलंय. चार मार्कांना होता.

कापलेलं जोडलं. कपॅसिटरच्या पलीकडं, ट्यूनरच्या अंगाला कापलं. नवीन एकही पार्ट लागला नाही. जो हवा होता तो आधीपासून बसवलेला होता.

ऑफिसात जुनी सिस्टीम समोर आली की आमच्या तोंडात पहिलं वाक्य येतं, “सगळं नव्यानं लिहू.” मीही म्हणते. त्या दिवशी काकांच्या दुकानात पहिल्यांदा जाणवलं, की हे वाक्य बऱ्याचदा समोरचं वाचायचा कंटाळा असतो.

सॉकेटला जागाही आयतीच मिळाली. बेस मॉडेलच्या डॅशबोर्डवर न मिळालेल्या बटणांची कोरी झाकणं भरपूर असतात. एकात भोक पाडलं. फोन चार्जिंगला लावला की स्पीकरमधून एक शीळ यायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीही वर चढायची. हा ग्राउंड लूप. गाडीचं ग्राउंड दोन वाटांनी फोनपर्यंत पोचतं आणि अल्टरनेटरचा आवाज त्यातून शिरतो. मध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर लावला, शीळ गेली. बाबांची स्टेशनं परत लावून दिली. बातम्या पहिल्या बटणावर.

बाबा दोन चकरा मारून आले. म्हणाले, “बरंय.” मग गाडीच्या कप्प्यातून आरसी काढून दाखवली. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी केलेली, पाच वर्षांची. “२०२६पर्यंत आहे,” म्हणाले. मी मान हलवली. गाडीचंच बोलत होते.

मी पुण्याला परतले. पुढच्या आठवड्यात, मिरजेहून आल्यावर बाबांचा फोन आला.

“काल मिरासदारांची एक लावली होती. अर्ध्यात तिचा डोळा लागला.”

“मग तुम्ही ऐकली का पुढची?”

“नाही. थांबवून ठेवली. शुक्रवारी तिथनंच लावतो.”