पेशंट रोटेट होत नाही

आमच्या नात्यात मी "डॉक्टर" आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण मी नक्की काय करते हे फारसं कुणाला माहीत नाही. पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन शिकवते असं सांगितलं की समोरचा चेहरा कोरा होतो. त्यात गेली काही वर्षं आमच्या कॉलेजच्या इंटर्नशिपचं वेळापत्रक माझ्या गळ्यात आहे. मागे एका लग्नात मावशीने विचारलंच, "अगं, एवढी एमडी झालीस आणि पोरांच्या ड्युट्या लावत बसतेस? ते तर एखादा कारकूनही करेल!" पंगतीत उभं राहून उत्तर देणं काही शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहिते. मावशीची सून तिला हे वाचून दाखवेल अशी आशा आहे.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं गणित. एमबीबीएसचा साडेचार वर्षांचा अभ्यास संपला, शेवटची परीक्षा पास झाली, की एक वर्ष इंटर्नशिप. हातात डिग्री नाही, पण गळ्यात स्टेथोस्कोप आहे असं ते वर्ष. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ साली त्याचे नवे नियम केले. ५२ आठवड्यांपैकी कम्युनिटी मेडिसिनला १२, गायनॅकला ७, मेडिसिन आणि सर्जरीला ६-६, बालरोगला ३. मानसोपचार, भूल, हाडं, डोळे, कान-नाक-घसा आणि कॅज्युअल्टीला २-२. स्किन आणि फॉरेन्सिकला १-१. उरलेले आठवडे इलेक्टिव्हचे.

आमच्याकडे एका बॅचला १५० मुलं. म्हणजे कुठल्याही दिवशी मेडिसिनला १५० गुणिले ६ भागिले ५२, साधारण १७ इंटर्न असायला हवेत. कम्युनिटीला ३४-३५. स्किनला जेमतेम ३. इथपर्यंत मावशीचं बरोबर आहे. एवढं कारकूनच काय, एक्सेलसुद्धा करतं.

खरी मजा पुढे आहे. सुडोकू सोडवणाऱ्यांना लगेच कळेल. प्रत्येक गट प्रत्येक विभागात एकदाच गेला पाहिजे आणि कुठलाही विभाग कधीच रिकामा राहता कामा नये. सुडोकूत सगळी घरं सारखी असतात. इथे एक घर १२ आठवड्यांचं, दुसरं एकाचं! त्यात १५० जण एकाच दिवशी सुरू होत नाहीत. एखादा विषय राहिलेली मुलं काही महिन्यांनी "ऑड बॅच" म्हणून येतात आणि नीट लावलेल्या तक्त्यात मध्येच घुसतात. मग फोन सुरू. "मॅडम, उद्यापासून आमच्या युनिटला किती पोरं?" हा प्रश्न साधा वाटतो, पण सरकारी हॉस्पिटलात सकाळचं रक्ताचं कलेक्शन इंटर्न करतात, रिपोर्टच्या मागे इंटर्न पळतात, कित्येकदा ट्रॉलीही तेच ढकलतात. या आठवड्यात २५ आणि पुढच्या आठवड्यात ९ असं झालं, तर त्या ९ मुलांचे हाल होतातच, पण त्याहून जास्त हाल वॉर्डातल्या माणसांचे. सकाळी ७ ला जायला हवं ते रक्त ११ ला जातं.

शिवाय ऋतू असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ज्यांना मेडिसिन मिळतं ते डेंग्यू, मलेरिया आणि सर्पदंश बघून पक्के होतात. तेच पोस्टिंग फेब्रुवारीत मिळालेला मुलगा सर्पदंशाचा एकही पेशंट न बघता डॉक्टर होऊ शकतो, आणि पुढे त्याला नोकरी नेमकी अशा ठिकाणी लागते जिथे पावसाळ्यात दुसरं काही येतच नाही. आणि ऋतूंचा राजा म्हणजे नीट-पीजी. परीक्षेआधीच्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांना हलकी पोस्टिंग हवी असतात. १५० जणांना एकाच वेळी स्किन कसं देणार?

त्यामुळे कुठल्या गटाला कुठला क्रम, हे मी ठरवतच नाही. लेक्चर हॉलमध्ये सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठी मुलांपैकीच कुणीतरी उचलतं. अदलाबदल करायची तर दोघांची सही, दोन्ही विभागप्रमुखांची सही, आणि तीही वर्ष सुरू होण्याआधी. घरात आजारपण असेल तर मात्र मी नियमापुढे अडून बसत नाही. एकीच्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं. तिला गावच्या पोस्टिंगमधून सूट नाही दिली, पण हायवेलगतचं, संध्याकाळची एसटी मिळेल असं केंद्र दिलं. तिने पोस्टिंगही पूर्ण केलं आणि वडिलांची एकही फेरी चुकवली नाही.

पण मला आज सांगायचंय ते वेगळंच. हे सगळं जमलं, एकही घर रिकामं नाही, एकही मुलगा दोन ठिकाणी नाही, तरीही तक्त्यात एक माणूस कुठेच दिसत नाही. पेशंट! इंटर्न दर दोन आठवड्यांनी पुढे सरकतो. पेशंट सरकत नाही. तो तिथेच असतो, त्याच बाकावर, त्याच आजारासकट. आपण रोटेशन म्हणतो ते फक्त आपलं असतं.

दोन आठवड्यांत मुलगा काय शिकतो? औषध लिहायला शिकतो. त्या औषधाचं पुढे काय झालं हे त्याला कळत नाही, कारण ते कळायची वेळ येते तेव्हा तो डोळ्यांच्या विभागात असतो. आठ ग्रॅम हिमोग्लोबिनच्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या दिल्या. छान. तिने त्या घेतल्या का? पोटात मळमळतं म्हणून डब्यात तशाच पडल्यात का? घेतल्या तर चहाबरोबर घेतल्या का? (चहाने लोह अंगी लागत नाही, हे पुस्तकात एक मार्काचं असतं.) "दिल्या" आणि "घेतल्या" यांच्यात एक अख्खा महिना असतो. तो महिना आमच्या तक्त्यात बसतच नव्हता.

माझ्याकडे हे काम आलं तेव्हा कम्युनिटीच्या १२ आठवड्यांचे चार-चारचे तीन तुकडे होते. शहरातलं केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. सोयीचं होतं. कुणाला गावात चार आठवड्यांच्या वर राहावं लागत नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती. मी कमिटीत सुचवलं की चार आठवडे शहरात ठेवू आणि आठ आठवडे सलग एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रावर.

"आठच का? सहा का नाही?" एका सरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. टीबीच्या नेहमीच्या उपचारांचा पहिला टप्पा दोन महिन्यांचा असतो, आणि त्यानंतर थुंकी पुन्हा तपासतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात ज्याचं औषध सुरू झालं, त्याच्या त्या तपासणीच्या सुमाराला तोच इंटर्न तिथे असतो. बाळाला पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत बरोब्बर आठ आठवडे. हिमोग्लोबिन महिन्याने पुन्हा बघायचं, म्हणजे तेही दोनदा होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदर बायांची तपासणी असते, तीही बहुतेकांना दोनदा मिळते. हा आकडा मी ठरवलेला नाही, आजारांनी आणि बाळांनी ठरवलाय. आपलं वेळापत्रक त्यांच्या वेळापत्रकावर बसवायचं, एवढंच माझं म्हणणं होतं.

सगळे एकदम "वा" म्हणाले असं अजिबात नाही. पालकांचे फोन आले. "मॅडम, माझी मुलगी दोन महिने खेड्यात राहणार? आणि अभ्यास कधी करणार?" यातली पहिली काळजी मला पूर्ण मान्य आहे. म्हणून गट पाडताना कुठलीही मुलगी केंद्रावर एकटी राहणार नाही हे आधी बघते, आणि क्वार्टरच्या दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, हे स्वतः जाऊन बघते. जिथे नाही तिथे ते होईपर्यंत कुणाला पाठवत नाही. दुसऱ्या काळजीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्यांचे आठ आठवडे परीक्षेच्या तोंडावर येतात त्यांना त्रास होतो, आणि चिठ्ठीने का होईना, तो दरवर्षी कुणाच्या तरी वाट्याला येणारच. माझं म्हणणं इतकंच की तो त्रास वाटून घ्यावा. तो टाळण्यासाठी सगळ्यांचंच शिक्षण चार आठवड्यांवर आणू नये.

डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नोकरीला होते. तिथे विंचूदंशाने माणसं दगावायची. ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास तासातासाने बघत, लिहून ठेवत. त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला, 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि हजारो जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी दरवर्षी नव्या बॅचला ही गोष्ट सांगते, पण "तुम्हीही शोध लावा" म्हणून नाही. ते तिथे राहिले म्हणून त्यांना दिसलं, एवढंच सांगायचं असतं. दोन आठवड्यांत विंचवाचे दोन पेशंट येतात. त्यावरून काहीच दिसत नाही.

आता आमचं कसं चाललंय म्हणाल, तर बरं चाललंय. आठ आठवड्यांना नाकं मुरडणारी मुलं साधारण पाचव्या आठवड्यात बदलतात, असं मी बघितलंय. तोवर आशाताईंची ओळख झालेली असते, कुठल्या वस्तीवर कुठल्या वाटेने जायचं ते कळलेलं असतं, आणि ओपीडीत "काल आलेल्या आजी" हा शब्द तोंडात आलेला असतो. शहरातल्या ओपीडीत "काल आलेल्या" असं कुणी नसतंच, सगळे आज आलेले असतात. एक मुलगा मला येऊन म्हणाला, "मॅडम, तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ झालं." कुणाचं ते त्याने सांगितलं नाही. मलाही माहीत असणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. त्याला परीक्षेत किती मार्क मिळाले मला आठवत नाही, पण हे वाक्य आठवतं.

तरीही आठ आठवडे संपतातच. मुलगा सर्जरीला जातो, बाई सातव्या महिन्यात असते. म्हणून प्रत्येक केंद्रावर एक शंभर पानी वही ठेवली आहे. लॉगबुक नाही. लॉगबुक सह्यांसाठी असतं आणि ते मुलाबरोबर जातं. ही वही केंद्रावरच राहते. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहायचं, कुणावर लक्ष ठेवायचं आणि का. केंद्राबाहेर वही जाऊ द्यायची नाही, पेशंटचं नाव लिहायचं नाही, फक्त रजिस्टरचा नंबर, एवढेच नियम. पहिली काही पानं सरकारी भाषेतच होती, "रुग्णास फॉलोअपचा सल्ला दिला" वगैरे. मग कुणीतरी माणसासारखं लिहिलं आणि पुढच्यांनी तेच उचललं. मागच्या भेटीत वाचलेल्या काही ओळी अशा होत्या: "आजींचं इन्सुलिन चुलीजवळच्या फळीवर असतं, माठाजवळ ठेवायला सांगितलंय, पण बघून ये." "टीबीचे काका सोमवारी बाजाराला जातात, त्या दिवशी गोळ्या विसरतात, रविवारी आठवण कर." "बाळाची आई माहेरी गेलीय, तिसरा डोस तिकडच्या सिस्टरकडे आहे, फोन केला होता, परत एकदा कर."

तर मावशी, हे असं आहे. एक्सेलचं काम कारकून नक्की करेल, आणि आमचे कारकून ते माझ्यापेक्षा भराभर करतात! मी फक्त ज्याचं नाव तक्त्यात कुठेच नसतं त्या माणसाच्या बाजूने भांडते.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी सध्या इंटर्न मुलगा-मुलगी असेल, तर "अभ्यास होतोय का" हे नंतर विचारा. आधी विचारा, "मागच्या पोस्टिंगमधल्या त्या पेशंटचं पुढे काय झालं?" त्याला माहीत नसेल तर रागावू नका. कदाचित तो फोन करून विचारेल.